आक्काचा अर्ज क्रमांक एक

माझ्या बहिणीला राग आला की ती भांडत नाही, अर्ज करते. तुम्हाला वाटेल मी थट्टा करतोय. आमच्या तरटेवाडीत कोणालाही विचारा. एस्तेरआक्का म्हटलं की लोक आधी खिशात पेन चाचपतात, कारण तिच्या अर्जावर सही करून पोच द्यावी लागते. पोच घेतल्याशिवाय ती दारातून हलत नाही.

तीस वर्षं अंगणवाडी चालवली तिनं. लग्न केलं नाही. सरकारी कागदाशीच संसार केला म्हणा. रिटायर झाली तरी खोड गेली नाही. झुंबरबाईचा कोंबडा रात्री दोनला आरवायचा, तर तिनं झुंबरबाईला लेखी दिलं, 'विषय : सदर कोंबडा अवेळी आरवत असलेबाबत.' झुंबरबाईला लिहिता येत नाही, तिनं अंगठा दिला. चर्चच्या पाळकसाहेबांना एका रविवारी दिलं, 'विषय : प्रवचन आटोपशीर घेणेबाबत.' पाळकसाहेब बिचारे भले माणूस, त्यांनी पोचही दिली आणि पुढच्या रविवारी दहा मिनिटं कमी बोलले. माझी बायको गेल्यापासून मी आक्काकडेच जेवतो, तर मला महिन्याला एक तरी अर्ज असतोच. गेल्या महिन्यात 'आंघोळीनंतर बादली उपडी न ठेवलेबाबत' होता. सख्ख्या भावाला! मी सही करतो आणि गप जेवतो.

मी कृपादान. एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर होतो, आता पेन्शनीत आहे. गुडघे गेलेत, आवाज शाबूत आहे. भरल्या गाडीत मागच्या सीटवरच्या बहिऱ्या म्हाताऱ्याला ऐकू जाईल असा आवाज. हा आवाज पुढं कामाला येणार आहे म्हणून आधीच सांगून ठेवतो.

तर आक्काचे बाकीचे अर्ज ठीक होते, पण एका विषयावर तिनं तेवीस केले होते. आमच्या फाट्यावर गाडी थांबत नाही. थांबा आहे, कागदावर मंजूर आहे, आणि सकाळच्या गाड्या तिथं जरा हळू होतात आणि मग सुसाट निघून जातात. नेवाशाच्या कॉलेजला जाणाऱ्या गावच्या सात पोरी. त्यांना मग अंधारात चार किलोमीटर चालत मोठ्या गावापर्यंत जायचं, तिथं गाडी धरायची. आक्कानं डेपोला लिहिलं, तहसीलला लिहिलं, जिल्ह्याला लिहिलं, सगळ्यांच्या पोचा आणल्या. गाडी काही थांबली नाही. ती हा विषय काढायची तेव्हा मी ताटात बघायचो. भाजीला मीठ कमी आहे म्हणायचो. कधीकधी नसायचंही कमी.

या वर्षी मात्र प्रकरण गळ्याशी आलं. शेजारी श्रीमंत आणि पुष्पावती राहतात, दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी माणसं. त्यांची पंकजा अकरावी सायन्सला आहे. पोरगी लई हुशार, पण बोलायला फटकळ, म्हणून आक्काची लाडकी. आईबाप तोडीला गेले की ती आक्काकडे राहणार, असं ठरलं होतं. पण एके दिवशी श्रीमंत येऊन ओट्यावर बसला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आक्का, तुमी सांभाळताल, त्याची काळजी न्हाई. पन आमी तिकडं कारखान्यावर, आन् पोर हितं अंधारात चार किलोमीटर चालनार? मला झोप लागनार न्हाई. गाडी थांबत न्हाई तर राहू द्या ते कॉलेज. येऊ दे आमच्यासंगं."

"टोळी कधी निघती?" आक्कानं विचारलं.

"येत्या गुरवारच्या पुढच्या गुरवारी. सकाळी सातला ट्रक."

पंकजा दारात उभी होती. एरवी बापाला उलटून बोलणारी पोरगी, त्या दिवशी नुसती आत जाऊन भांडी घासायला बसली, आणि ती भांडी घासलेलीच होती. आक्कानं ते पाहिलं, माझ्याकडेही एकदा पाहिलं, आणि चोविसावा अर्ज लिहायला घेतला.

आता मधल्या रविवारी आमच्या देवळात, चर्चला आम्ही देऊळच म्हणतो, हंगामाचा सण होता. तुम्ही पाहिला नसेल तर सांगतो. शेतात जे पिकलं त्यातलं आधी देवाला आणायचं. बाजरी, तीळ, कांदा, अंडी, कोंबडी, कोणाचा भोपळा. उपासना झाली की अंगणात टेबल मांडून त्याचा लिलाव. येतील ते पैसे देवळाच्या नव्या पत्र्यांना. लिलाव दरवर्षी मीच पुकारतो, आवाजामुळं. हातोडा नाही माझ्याकडे, माझा जुना तिकीट-पंच आहे. टेबलावर टक टक टक केलं की माल गेला.

आमच्या लिलावाच्या दोन रीती आहेत, त्या नीट लक्षात ठेवा, कारण सगळा घोळ त्यांनीच झाला. पहिली अशी, की घेतलेली वस्तू घेणाऱ्यानं परत टेबलावर ठेवायची. 'देवाला परत' म्हणायचं आणि पुन्हा लिलाव. एकच भोपळा पाच-पाच वेळा विकला जातो, त्याशिवाय पत्रे कसे व्हायचे? ज्याला वस्तू खरोखर न्यायची आहे त्यानं 'घरी' म्हणायचं. 'घरी' म्हटलं की संपलं, मग देवाचा बापही परत मागत नाही. दुसरी रीत अशी, की ज्याच्याकडे द्यायला काही नाही त्यानं आपला एक दिवस द्यायचा. झुंबरबाई दरवर्षी एक दिवस देते, ज्यानं घेतला त्याचं त्या दिवशी धान्य पाखडून देते. सकाळच्या घंटेपासून संध्याकाळच्या घंटेपर्यंत. दोन वेळचं जेवण घेणाऱ्याकडं.

या वर्षी पाळकसाहेबांनी पाहुणे म्हणून वैजनाथभाऊंना बोलावलं. वैजनाथभाऊ म्हणजे आमच्या गटाचे भावी जिल्हा परिषद सदस्य. निवडणूक पुढंपुढंच चालली होती, त्यामुळं भाऊ चार वर्षं भावी होते. फाट्यावर त्यांचा फलक आहे, त्यावरचे केस काळे आहेत. समोर आले तेव्हा बरेच पांढरे झालेले दिसले. माणूस वाईट नाही, उगाच कशाला खोटं बोला. गुबगुबीत, हसरा, दिसेल त्याच्या पाया पडणारा. सोबत त्यांचा माणूस रंगनाथ, दोन मोबाईल हातात आणि तिसरा कानाला.

चहाच्या वेळीच आक्कानं त्यांना गाठलं.

"मावशी, नमस्कार!" म्हणून भाऊ पाया पडायला वाकले, तर वाकलेल्या हातातच तिनं अर्ज दिला. भाऊंनी एक ओळ वाचली आणि कागद रंगनाथकडे सरकवला. "झालं म्हणून समजा मावशी."

"समजायचं न्हाई. पोच द्या."

"अहो, शब्द दिला की."

"शब्द नको, सही पायजे. तारखेसकट."

रंगनाथ मध्ये पडला. "मावशी, भाऊ अजून पदावर नाहीत. भावी आहेत. त्यांची सही चालत नाही."

"मग भावी सही करा," आक्का म्हणाली.

पाळकसाहेबांना चहाचा ठसका लागला. भाऊ मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "निवडून आलो की पहिली सही तुमच्याच अर्जावर. चला, फोटो काढू."

"तवर पोर कोयता धरंल हातात," आक्का म्हणाली. पण तोवर रंगनाथनं फोटो काढला होता, आणि भाऊ पुढच्या माणसाच्या पाया पडायला गेले होते. आक्का अर्ज हातात धरून तशीच उभी राहिली. तिला कोणी असं हसून टाळलं की माझ्या मस्तकात तिडीक जाते. तिच्याशी भांडायचा हक्क माझा एकट्याचा आहे.

लिलाव सुरू झाला. झुंबरबाईचा भोपळा टेबलावर आला. भाऊंनी पहिल्याच फटक्यात पाचशे म्हटलं. टक टक टक! टाळ्या झाल्या. भाऊंनी भोपळा उचलून लेकरासारखा कडेवर घेतला, रंगनाथनं फोटो काढला. मी भोपळा त्यांच्या कडेवरून काढून घेतला आणि टेबलावर ठेवला.

"देवाला परत! बोला, भोपळा!"

भाऊंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. त्यांना वाटलं आपण कमी बोललो. त्यांनी सहाशे म्हटलं. टक टक टक. भोपळा कडेवर, फोटो, आणि मी पुन्हा काढून घेतला. सातशेला तिसऱ्यांदा तेच. चौथ्या वेळी भाऊ भोपळा घट्ट धरून उभे राहिले, सोडेचनात. मी ओढतोय, ते ओढतायत. शेवटी झुंबरबाईला दया आली. तिनं त्यांच्या कानात सांगितलं, "अवो, घरी म्हना, घरी."

"घरी! घरी!" भाऊ ओरडले. सगळं अंगण हसलं आणि भोपळा एकदाचा सुटला.

मग पाळकसाहेबांनी त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. भाऊ भोपळा घेऊनच माईकपाशी गेले. मी टेबलामागं खुर्चीवर टेकलो. गुडघा ठणकत होता, डोळा लागत होता, पंच हातात होता. भाऊ सुरू झाले, प्रभू, समाज, बंधुभाव, विकास. मला अर्धवट ऐकू येत होतं. मग त्यांचा आवाज चढला.

"आज सगळ्यांनी देवाला काही ना काही दिलं! मी गरीब काय देणार? माझ्याकडं आहे काय? माझा दिवस! घ्या, माझा दिवस तुम्हाला दिला!"

झोपेत असलो तरी हाताला सवय असते हो. 'माझ्याकडं काही नाही, दिवस दिला' एवढं कानावर पडलं आणि माझा पंच आपोआप टेबलावर आपटला. टक टक!

"एक दिवस!" मी खणखणीत पुकारलं. "वैजनाथभाऊंचा एक दिवस! बोला!"

सगळं अंगण माझ्याकडे वळलं. तेव्हा मला पुरती जाग आली. पाळकसाहेबांनी चष्मा काढला आणि परत घातला. मला वाटलं आता भाऊ चिडणार. पण दीडशे लोकांसमोर दिलेला दिवस परत कसा घेणार? भाऊ दात दाखवत उभे राहिले. आणि मागून एकजण ओरडला, "शंभर! माझा कांदा लावायचा हाय!"

मग काय विचारता! "दीडशे! गोठ्यातलं शेण काढायचंय!" "दोनशे! सासूला दवाखान्यात न्यायचंय, दिवसभर ऐकून घ्यायला मानूस पायजे!" भाऊंच्या कपाळावर घाम आला. रंगनाथची तर पाचावर धारण बसली. भाऊ शेण काढतायत असा व्हिडिओ विरोधकांच्या हाती लागला तर? तो किंचाळला, "पाच हजार!"

टक टक टक. रंगनाथनं सुटकेचा श्वास सोडला.

"देवाला परत!" मी म्हटलं. रीत ती रीत.

"अहो, आता तर घेतलं ना भाऊंना!"

"घरी म्हटला न्हाईत," झुंबरबाई म्हणाली. या बाईला सगळे नियम तोंडपाठ.

रंगनाथनं खिसे चाचपले. पाच हजार मोजून दिल्यावर खिसे रिकामे. तो मोबाईल घेऊन धावत फाटकाबाहेर गेला, कोणाकडून तरी पैसे मागवायला. लोकही आता बिचकले होते, पाच हजाराच्या पुढं कोण बोलणार? मी म्हटलं, "नव्यानं सुरू! बोला!" आणि तेवढ्यात आक्काचा आवाज आला. "तीनशे एक्कावन. घरी."

टक टक टक! इतक्या जोरात मी आयुष्यात पंच आपटला नव्हता.

"भोपळ्यापेक्षा स्वस्तात गेले," मागून कोणीतरी म्हणालं. कोणीतरी काढलेला याचा व्हिडिओ त्या संध्याकाळपर्यंत राहात्यापासून शेवगावपर्यंत सगळ्या ग्रुपवर फिरला. भाऊंना आता यावंच लागणार होतं. आक्कानं त्यांना मंगळवार दिला. लेखी.

मंगळवारी सहाच्या घंटेला भाऊ आले, गाडीतून, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. मागून रंगनाथ उतरला.

"ह्येंचा दिवस घेतलेला न्हाई," आक्का म्हणाली. "ह्येंनी जावं. गाडी पन न्यावी." रंगनाथ गाडी घेऊन गेला, आणि भाऊ भाड्याच्या घराबाहेर सामान ठेवल्यासारखे अंगणात उभे राहिले. आक्कानं त्यांना चहा-भाकरी दिली आणि म्हणाली, "चला फाट्यावर. तुमी आज गाडी थांबवायची. एवढंच काम."

"एवढंच?" भाऊ एकदम खुलले. "मावशी, मला वाटलं शेण काढायला लावताय!"

"किरपा, तू बी चल."

"माझा गुडघा," मी म्हटलं.

"गुडघा घेऊनच चल."

आक्कानं सांगितलं म्हणून त्या दिवशी सातही पोरी चालत न जाता फाट्यावर उभ्या होत्या. मी चिंचेखाली जरा मागंच थांबलो. भाऊ आपल्या फलकाखाली उभे राहिले, वर भाऊ, खाली भाऊ. सव्वासातची गाडी दिसली. भाऊंनी एक हात आडवा केला आणि दुसऱ्यानं नमस्कार, एका हाताचा. गाडी हळू झाली. भाऊ हसले. मग आतून आवाज आला, टिंग टिंग, आणि गाडी त्यांच्या अंगावर धुरळा उडवून निघून गेली.

"ओळखलं नसंल," भाऊ कपडे झटकत म्हणाले. "नवीन ड्रायव्हर असेल."

पावणेआठला दुसरी आली. या वेळी भाऊ पार डांबरावर उतरले, दोन्ही हात हलवत. गाडी हळू झाली. टिंग टिंग. आणि निघाली. भाऊ तिच्यामागं धावले! "अहो, मी! मी वैजनाथ! मागं फोटो बघा!" वीस-पंचवीस पावलं पळाले आणि एक चप्पल उडून बाभळीत गेली. पोरी पोट धरून हसत होत्या. पंकजानं काठीनं चप्पल काढून आणून दिली.

भाऊ दगडावर बसले, धापा टाकत, एका पायात चप्पल, एक हातात. "मला थांबले नाहीत," ते म्हणाले. "मला!"

"तुमाला कशाला थांबतील?" आक्का म्हणाली. "गावच्या पोरी वर्सानुवर्सं हितं हात करत्यात. तुमी आत्ता आलाय."

 मग भाऊंनी पंकजाला विचारलं, "बाळा, ड्रायव्हरला दिसत नाही का आपण?"

"दिसतं की. म्हनून तर हळू करतो. मग आतनं दोनदा बेल वाजती न गाडी पळती. दर खेपेला आसंच."

"बेल कोण मारतं?"

 भाऊंनी वळून माझ्याकडे पाहिलं. "काका, तुम्ही कंडक्टर होता ना? कोण मारतं बेल?"

"कंडक्टर मारतो," मी म्हटलं. "एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल."

"मग दोन का मारतात?"

"असतात काही अडचणी. वेळेच्या वगैरे."  मी चिंचेच्या आणखी मागं सरकलो. तेवढ्यात सव्वाआठची गाडी वळणावर दिसली, आणि आक्का माझ्याकडे न बघता म्हणाली, "किरपा, पुढं हो."

तिच्या त्या आवाजाला मी लहानपणापासून नाही म्हणू शकलो नाही. मी रस्त्याच्या मधोमध गेलो आणि होता नव्हता तेवढा आवाज काढला, "होऽऽ! थांबा!"

टिंग. एकच. ब्रेक करकचले आणि गाडी माझ्यापासून चार हातांवर उभी राहिली. दार उघडून कंडक्टरनं खाली उडी मारली. सूर्यभान. मीच तयार केलेला गडी, माझ्या हाताखाली शिकलेला. त्यानं वाकून माझ्या पायांना हात लावला.

"मास्तर! तुमी रस्त्यात? काय झालं? कोन आजारी हाय का?"

भाऊ एका चप्पलेवर लंगडत पुढं आले. चिडले होते बिचारे. "इथं मंजूर थांबा आहे! पोरी उभ्या असतात! थांबत का नाही तुम्ही?"

सूर्यभान गोंधळला. त्यानं भाऊंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मनात काही कपट नाही हो त्या पोराच्या. सरळ बोलला, "आता मास्तरांनीच शिकवलं की आमाला. पयल्या दिवशी. तरटेवाडीला डबल मारायची. समद्या पासवाल्या पोरी, तिकीट एक न्हाई, गाडी भरती आन् टाईम जातो. आमी बी नव्या पोरांना तसंच सांगतो. व्हय ना मास्तर?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. सात पोरी माझ्याकडे बघत होत्या. त्यातली पंकजा आक्काकडे माझ्या समोर जेवायला बसली की मला 'आबा, भाकरी घ्या' म्हणते. खरं होतं ते. एकूण एक अक्षर खरं होतं. अकरा वर्षं मी या फाट्यावर डबल मारली. माझ्याच गावच्या पोरींसमोरून. तेव्हा काही वाटायचं नाही, घड्याळ बघायचो आणि दोरी ओढायचो. मी रिटायर झालो, पण माझी डबल तिथंच राहिली.

"व्हय," मी म्हटलं. "मीच शिकवलं. चुकीचं शिकवलं. सूर्यभान, आजपासून हितं सिंगल. सगळ्यांना सांग. मास्तरनं सांगितलं म्हनून सांग."

"तुमी म्हनाल तसं," तो म्हणाला. एवढंच. इतकी वर्षं, तेवीस अर्ज, आणि काम एवढंसंच होतं.

पोरी चढल्या. सूर्यभान म्हणाला, "मास्तर, मारा बेल." मी पायरीवर एक पाय ठेवला, हात वर केला, आणि दोरीपर्यंत तो जाईना.  मग पंकजानंच पुढं होऊन दोरी धरली आणि ओढली. टिंग टिंग. गाडी निघाली.

"फोटो!" भाऊ एकदम ओरडले. "अरे, फोटो काढला का कोणी? रंगनाथ!" रंगनाथला आक्कानं घरी पाठवलं होतं. भाऊ अगदी हवालदिल झाले. आक्का म्हणाली, "दिवस अजून बाकी हाय, चला." संध्याकाळच्या घंटेपर्यंत तिनं त्यांच्याकडून पोतंभर शेंगा फोडून घेतल्या. भाऊ दुपारी जेवून आमच्या ओसरीत घोरले, आणि जाताना चोविसाव्या अर्जावर सही करून गेले. सहीखाली स्वतःच्या हातानं लिहिलं, 'भावी.'

दोन दिवसांत फाट्यावर नवा फलक लागला, 'तरटेवाडीत बस थांबविल्याबद्दल आभार.' आक्कानं पंचविसावा अर्ज केला, 'विषय : सदर फलकावरील खोटा मजकूर काढणेबाबत.' तो अजून चालू आहे.

गुरुवारी सातला टोळीचा ट्रक फाट्यावर आला. वर भांडी, बाजा, कोंबड्या, आणि त्यांच्यामध्ये श्रीमंत आणि पुष्पावती. पंकजा दप्तर घेऊन खाली उभी होती. श्रीमंतनं ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. त्याला बघायचं होतं. पंधरा मिनिटं ट्रक तसाच उभा राहिला, आतली माणसं ओरडायला लागली. मग सव्वासातची गाडी आली, टिंग झालं, थांबली. पंकजा चढली, खिडकीतून हात हलवला. श्रीमंतनं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ट्रक निघाला. पुष्पावती रडत होती, पण हसतही होती.

त्या संध्याकाळी मी जेवायला बसलो तेव्हा आक्काला विचारून टाकलं. 

"तुला म्हाईत हुतं?"

ती उठली, कापडी पिशवी आणली आणि सगळ्यात तळाचा कागद काढला. पिवळा पडलेला. 'अर्ज क्रमांक १. प्रति, मा. वाहक साहेब, श्री. कृपादान. विषय : तरटेवाडी फाट्यावर गाडी थांबविणेबाबत.' तारीख तेरा वर्षांपूर्वीची. खाली पोच म्हणून सही होती, माझीच. घाईत केलेली, न वाचता. गाडीतच दिला असेल तिनं, आणि मी पैसे घेतल्यासारखा घेऊन परत केला असेल.

"मग तेरा वर्सं बोलली का न्हाईस?" मी विचारलं.

"बोलले की," आक्का म्हणाली. "लेखी."

मी ताट बाजूला सारलं. तिचंच पेन घेतलं, तिच्याच वहीचा कागद फाडला. आयुष्यात पहिल्यांदा अर्ज लिहायला बसलो आणि किती खाडाखोड केली म्हणून सांगू. शेवटी एवढंच राहिलं, 'विषय : आपल्या अर्ज क्र. १ बाबत. उत्तर देण्यास तेरा वर्षे उशीर झाला. चूक माझी आहे. माफ कर. तुझा भाऊ.'

तिनं चष्मा लावून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग खाली 'पोच मिळाली' असं लिहिलं, सही केली, तारीख घातली, कागद पिशवीत ठेवला आणि माझं ताट परत माझ्यापुढं सरकवलं.

"जेव आता," ती म्हणाली. "मीठ बरोबर हाय."